विजेच्या देवाचे झाड : स्टेलमुझेचा ओक आणि बाल्टिक स्मृती

लिथुआनियाच्या ईशान्य कोपऱ्यात, लाटव्हियाच्या सीमेलगत, झारासाइ परिसरात स्टेलमुझे नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे १६५० साली उभारलेले एक लाकडी चर्च आहे आणि चर्चपासून थोड्याच अंतरावर एक ओकवृक्ष आहे. त्याची उंची सुमारे २३ मीटर आणि जमिनीलगतचा घेर सुमारे १३ मीटर. हात पसरून त्याला कवेत घ्यायचे तर आठ-नऊ माणसे लागतात. खोडाचा गाभा पोखरून गेला आहे, जिवंत फांद्या थोड्याच उरल्या आहेत आणि त्यांना खालून टेकू दिलेले आहेत. तरीही दर वसंतात त्याला पालवी फुटते. १९६० पासून हा वृक्ष संरक्षित निसर्गस्मारक आहे. त्याचे वय दीड हजार वर्षे असल्याचे सामान्यतः सांगितले जाते, तर कोणी ते दोन हजारांपर्यंतही नेतात. युरोपातील सर्वांत जुन्या ओकवृक्षांत त्याची गणना होते. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी त्याच्या सावलीत देवांना बळी अर्पण केले जात, अशी दंतकथा आहे.

आम्ही हा वृक्ष पाहिलेला नाही. त्याच्याकडे आम्ही पोहोचलो ते वर्गाच्या वाटेने. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना कथनमीमांसा शिकवताना ग्रेमास हे नाव टाळता येत नाही. कर्ता, इष्टवस्तू, साहाय्यक, विरोधक अशी कथेतील भूमिकांची मांडणी करणारे त्यांचे प्रतिमान फळ्यावर अनेकदा काढून झाले आहे. मात्र हे 'फ्रेंच' चिन्हमीमांसक मूळचे लिथुआनियन, आणि १९७९ साली त्यांनी आपल्या मातृभाषेत 'देव आणि माणसे यांविषयी' अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक ग्रंथ लिथुआनियन पुराणकथांवर लिहिला, ही गोष्ट आमच्याही ध्यानात उशिरा आली. संरचनेच्या अमूर्त रेखाटनामागे विस्मृतीत चाललेल्या देवांचा शोध घेणारा एक स्थलांतरित अभ्यासक उभा आहे, हे कळल्यावर त्या देवांची आणि त्यांच्या झाडांची चौकशी करणे ओघानेच आले.

या चौकशीत एक प्रश्न वारंवार समोर येत राहिला. ज्यांची पवित्र झाडे तोडली गेली त्यांनी लिहून काही ठेवले नाही, आणि ज्यांनी लिहिले ते बहुतेक तोडणाऱ्यांच्या बाजूचे होते. अशा वेळी त्या झाडांचा इतिहास कोणाच्या शब्दांत वाचायचा?

प्रथम देवाकडे वळू. बाल्टिक लोकांच्या, म्हणजे लिथुआनियन, लाटव्हियन आणि आता नामशेष झालेल्या जुन्या प्रशियन लोकांच्या देवमंडळात मेघगर्जनेचा देव महत्त्वाचा आहे. लिथुआनियन भाषेत तो पेर्कूनास आणि लाटव्हियनमध्ये पेर्कोन्स. वीज, पाऊस, सुगी आणि अन्यायाला शासन ही त्याची क्षेत्रे, आणि ओक हे त्याचे झाड. माळावर एकटा उभा राहणारा उंच ओक विजेच्या वाटेत येणारच. तेव्हा देव आणि झाड यांची सांगड घालण्यासाठी डोळ्यांसमोरचा अनुभव पुरेसा होता.

भाषेचा पुरावा मात्र याहून गुंतागुंतीचा आहे. ओकला लॅटिनमध्ये 'क्वेर्कुस' म्हणतात आणि वनस्पतिशास्त्रात ओकची सारी प्रजाती याच नावाने ओळखली जाते. हा शब्द आणि 'पेर्कूनास' हे नाव एकाच प्राचीन इंडो-युरोपीय धातुरूपातून आले असावेत, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. तसे असेल तर 'पेर्कूनास' म्हणजे मुळात 'ओकवाला'. गंमत अशी की आजच्या लिथुआनियनमध्ये ओकला 'आझुओलास' म्हणतात. ते जुने नाव त्या अर्थाने भाषेत राहिलेले नाही. झाडाचा शब्द बदलला, पण देवाच्या नावात तो अडकून राहिला. ही व्युत्पत्ती सर्वमान्य आहे असे नाही. 'मारणे, झोडपणे' या अर्थाच्या लिथुआनियन क्रियापदाशीही या नावाचा संबंध जोडला जातो.

आपल्या दृष्टीने याचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. वेदातील पर्जन्य आणि बाल्टिक पेर्कूनास यांचे नाते ज्या विद्वानांनी गांभीर्याने तपासले त्यांत गेओर्ग ब्यूलर हे जर्मन संस्कृतज्ञ होते. पर्जन्यदेवतेवरील त्यांचा निबंध त्यांच्या तरुणपणीचा. पुढे १८६३ मध्ये ते एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक म्हणून आले आणि कीलहॉर्न यांच्यासह 'बॉम्बे संस्कृत सीरिज'ची उभारणी त्यांनी केली. धर्मशास्त्राचे आणि शिलालेखांचे अभ्यासक म्हणून आपण त्यांना ओळखतो. बाल्टिक मेघदेवतेशी त्यांचे काही देणेघेणे असेल असे सहसा मनात येत नाही. पर्जन्य आणि पेर्कूनास हे समीकरणही वादग्रस्तच आहे. बाल्टिक नावातील 'क' आणि संस्कृत नावातील 'ज' यांचा मेळ ध्वनिनियमांनी नीट बसत नाही. मात्र दोघांच्या कर्मांतील साम्य दृष्टिआड करता येत नाही. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलातील ८३ व्या सूक्तातला पर्जन्य बैलासारखा डुरकतो, झाडे मोडतो, दुष्टांना मारतो. त्याच्या गर्जनेने निरपराधीही भयभीत होतात. त्याच्या येण्यानेच वनस्पती वर येतात, आणि सूक्ताच्या अखेरीस त्याला आता पाऊस आवर, अशी विनवणीही केली जाते. 'पर्जन्यमान' हा शब्द आज हवामानखात्याच्या टिपणात आपण निर्विकारपणे वाचतो. त्या शब्दात एकेकाळी झाडांवर घाव घालणारा देव होता, हे लिथुआनियाच्या वाटेने गेल्यावर पुन्हा आठवते.

आता लिखित साधनांकडे येऊ. तेराव्या शतकात ट्यूटॉनिक ऑर्डर या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाने प्रशियन प्रदेश जिंकून घेतला. या संघाचा पुरोहित पीटर दुसबुर्ग याने १३२६ साली आपली बखर पुरी केली. प्रशियन लोक सूर्य, चंद्र, तारे, मेघगर्जना, पक्षी, इतकेच काय बेडूकसुद्धा देव म्हणून पुजतात, असे तो लिहितो. त्यांची काही वने, शेते आणि पाणवठे पवित्र होते. तेथे लाकूड तोडण्याची, नांगरण्याची किंवा मासे धरण्याची कोणाची छाती होत नसे, हेही तो नोंदवतो. हे वर्णन तिरस्काराने लिहिलेले आहे. तरीही त्यात एक सामाजिक नियम सुरक्षित राहिला आहे. अमुक भूमीतून काही घ्यायचे नाही, हा तो नियम. आजच्या भाषेत त्याला आपण संरक्षण म्हणू.

रोमोवे या पवित्र स्थळाचा आणि तेथील क्रिवे नावाच्या प्रमुख पुरोहिताचा उल्लेख दुसबुर्गने केला होता. सुमारे दोनशे वर्षांनी सिमोन ग्रुनाउ या डोमिनिकन भिक्षूने तेथे एक भव्य, सदाहरित ओक उभा केला आणि त्याच्या खोडात तीन देवांच्या मूर्ती बसवल्या. हे चित्र इतके ठसठशीत होते की पुढील अनेकांनी ते जसेच्या तसे उचलले. आधुनिक इतिहासकार मात्र ग्रुनाउच्या या वर्णनाकडे संशयाने पाहतात. ख्रिस्ती त्रयीचा ठसा त्यावर उमटला असावा असे मानण्यास जागा आहे. लोकप्रिय पुस्तकांतून बाल्टिक धर्माचे जे चित्र आपल्यापर्यंत येते त्यातील एक प्रमुख वृक्ष अशा रीतीने लेखणीतून उगवलेला असण्याची शक्यता आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. कल्पित म्हणून ग्रुनाउचा ओक टाकून देता येतो. पण 'तेथे मोठे झाड असणारच' असे सोळाव्या शतकातील एका भिक्षूला का वाटले, हा प्रश्न त्यानंतरही उरतो.

लिथुआनिया हे युरोपात अधिकृतपणे ख्रिस्ती झालेले अगदी शेवटचे राज्य. महाराजा योगाइला पोलंडची राणी यादविगा हिच्याशी विवाह करून १३८६ मध्ये पोलंडचा राजा झाला आणि १३८७ मध्ये लिथुआनियाचे धर्मांतर झाले. पश्चिमेकडील झेमाइतिया प्रांताची पाळी त्यानंतर, १४१३ मध्ये आली. पवित्र अग्नी विझवला गेला, राया तोडल्या गेल्या, पूज्य सर्प मारले गेले, असा या धर्मांतराचा वृत्तान्त पोलिश इतिहासकार यान द्लुगोश याने पंधराव्या शतकात लिहून ठेवला.

या साऱ्या साधनांत आम्हाला सर्वांत बोलका वाटलेला वृत्तान्त एनेआ सिल्व्हिओ पिक्कोलोमिनी याचा आहे. हा मानवतावादी लेखक पुढे दुसरा पायस या नावाने पोप झाला. लिथुआनियात धर्मप्रसार केलेल्या प्रागच्या जेरोम नावाच्या एका भिक्षूकडून ऐकलेली हकीकत त्याने आपल्या युरोपवर्णनात नोंदवली आहे. हुस याचा सहकारी असलेला प्रसिद्ध जेरोम वेगळा. या भिक्षूने एक पवित्र राई तोडायला घेतली. मध्यभागी सर्वांत पूज्य असा जुना ओक होता. त्यावर घाव घालायला कोणी धजेना. अखेर एकाने कुऱ्हाड उचलली, ती निसटून त्याच्याच पायावर बसली आणि तो कोसळला. लोक भयाने रडू लागले. भिक्षूने त्या माणसाला उठवून उभे केले, त्याला काहीच इजा झाली नसल्याचे दाखवले, आणि ओक पडला. येथपर्यंतची कथा धर्मप्रसारकांच्या नेहमीच्या चमत्कारकथांसारखी आहे. ग्रेमासच्या प्रतिमानात ती सहज बसते : भिक्षू कर्ता, वृक्ष विरोधक, चमत्कार साहाय्यक.

कथा मात्र तेथे संपत नाही. त्या भागातल्या स्त्रिया रडत वीताउतास या महाराजाकडे गेल्या. त्यांनी गाऱ्हाणे घातले की राई तोडली आणि देवाचे घरच आमच्यापासून हिरावून घेतले. तेथे आम्ही पाऊस मागत होतो, ऊन मागत होतो. आता देवाला शोधायचे कोठे? पुरुषांनीही त्यांना दुजोरा दिला. वीताउतास अस्वस्थ झाला. प्रजा गमावण्यापेक्षा धर्मप्रसारकाला परत पाठवणे त्याला सोयीचे वाटले आणि भिक्षूला देश सोडावा लागला.

ज्या लेखकाने ही हकीकत नोंदवली त्याचा हेतू त्या स्त्रियांची बाजू मांडण्याचा नव्हता. पण गाऱ्हाणे नोंदवताना त्याला त्यांचे शब्द घ्यावेच लागले, आणि त्या शब्दांबरोबर तक्रारीची कारणेही आली. झाड हे देव होते असे त्या म्हणत नाहीत. झाड हे देवाचे घर होते असे म्हणतात. तेथे काय मागितले जाई तेही सांगतात : पाऊस आणि ऊन, म्हणजे शेतकऱ्याला लागते ते. धर्मप्रसारकाने ज्याला अंधश्रद्धा म्हटले, ती त्या स्त्रियांसाठी देवाशी बोलण्याची ठरलेली जागा होती. लॅटिन गद्यात, एका भावी पोपच्या हातून, अनुवादाचे दोन-तीन थर पार करून पोहोचलेला हा आवाज आहे. बखरकारांच्या सगळ्या वर्णनांपेक्षा आम्हाला तो अधिक जवळचा वाटतो.

लिथुआनियन भाषेतील पहिल्या मुद्रित पुस्तकातही हेच घडते. १५४७ साली क्योनिग्सबर्ग येथे मार्तीनास माझवीदास याची ख्रिस्ती प्रश्नोत्तरी छापली गेली. अद्याप झाडांना व नद्यांना पुजणारे आणि पेर्कूनासला नवस बोलणारे लोक आहेत, अशी खंत तो प्रस्तावनेत व्यक्त करतो. म्हणजे अधिकृत धर्मांतराला दीडशेहून अधिक वर्षे लोटल्यावरही झाडे बोलत होती. एका भाषेचे मुद्रित साहित्य ज्या ग्रंथाने सुरू होते त्याच्या उंबरठ्यावरच निषेधाच्या रूपाने हे वृक्ष उभे आहेत.

या विरोधी साधनांना तोलून धरणारे दुसरे साधन म्हणजे लोकगीते. बाल्टिक भाषांत त्यांना 'दायना' म्हणतात. लिथुआनियन दायनांचा रेझा याने केलेला संग्रह १८२५ मध्ये प्रसिद्ध झाला. लाटव्हियात क्रिश्यानिस बारोन्स यांनी दोन लाखांहून अधिक गीतपाठ संकलित केले आणि ते १८९४ ते १९१५ या काळात छापले गेले. ही गीते ज्यात जपली ते बारोन्स यांचे कपाट २००१ मध्ये युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' नोंदवहीत समाविष्ट झाले. या गीतांतील एका प्रसिद्ध कल्पनाबंधात सूर्यकन्येच्या लग्नाला निघालेला पेर्कोन्स वाटेत सोन्याच्या ओकवर घाव घालतो. ओकचे रक्त उडते आणि वस्त्रांवर पडते. ते धुवायचे कोठे, असा प्रश्न पडतो.

येथे देवच आपल्या झाडावर घाव घालतो. पवित्र वृक्षाला कोणी हात लावू नये, असे बखरी सांगतात. आणि त्या वृक्षावर पहिला प्रहार देवाचाच, असे गीते सांगतात. ही विसंगती वरवरची आहे असे आम्हाला वाटते. वीज ज्यावर पडते ते झाड देवाने निवडलेले, म्हणून माणसाने त्यापासून दूर राहायचे. घाव घालण्याचा अधिकार देवाचा आहे, आणि म्हणूनच तो माणसाचा नाही. पेर्कूनासच्या घावाने पाऊस येतो, कुऱ्हाडीच्या घावाने येत नाही. वीताउताससमोर रडणाऱ्या स्त्रियांचे म्हणणे या गीतांच्या उजेडात वाचले म्हणजे त्यामागची संगती स्पष्ट होते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या इतिहासाला एक अनपेक्षित वळण मिळाले. झेमाइतियातील बियोताइ येथे राहणारा कवी आणि पुराणवस्तुसंग्राहक दियोनीझास पोश्का याच्या मालकीच्या जमिनीत 'बाउब्लीस' नावाचा एक प्रचंड ओक होता. त्याच्याभोवतीही पूर्वीच्या पूजेच्या कथा होत्या. झाड वठू लागल्यावर पोश्काने ते तोडवले, खोडाचा बुंधा आतून पोखरून घेतला, त्याला दार-खिडक्या केल्या, वर छप्पर घातले आणि १८१२ मध्ये त्यात शस्त्रे, नाणी, उत्खननात सापडलेल्या वस्तू आणि पुस्तके मांडली. लिथुआनियातील हे आद्य संग्रहालय मानले जाते. पुढे मित्सक्येविच या कवीने 'पान तादेउश' या महाकाव्यात बाउब्लीसचा उल्लेख केला. कुऱ्हाड येथेही चालली, पण तोडण्यामागचा हेतू उलटा होता. देवाचे घर आता इतिहासाचे घर झाले. श्रद्धेचे स्मृतीत रूपांतर होण्याचे इतके शब्दशः उदाहरण आम्हाला अन्यत्र आढळले नाही.

त्यानंतरच्या काळात ओक हे राष्ट्राचे चिन्ह होत गेले. १८६३ च्या उठावानंतर रशियन सत्तेने लॅटिन लिपीतील लिथुआनियन मुद्रणावर बंदी घातली. ती १९०४ पर्यंत टिकली. या काळात पूर्व प्रशियात छापलेली पुस्तके चोरवाटांनी आत येत. तेथेच १८८३ मध्ये योनास बासानाव्हिचियुस यांनी 'औश्रा' हे नियतकालिक सुरू केले. औश्रा म्हणजे पहाट. आपल्या 'उषा' शब्दाचे हे जवळचे आप्त. याच बासानाव्हिचियुस यांच्या ओझ्काबालियाइ या जन्मगावी १९८९ मध्ये, सोव्हिएत सत्ता ओसरत असताना, लोकांनी राष्ट्रीय पुनर्जागरणाचे ओकवन लावायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी ११ मार्च १९९० रोजी लिथुआनियाने स्वातंत्र्याची पुनःस्थापना जाहीर केली. सहाशे वर्षांपूर्वी राई तोडणे हे नव्या व्यवस्थेचे चिन्ह होते. येथे राई लावणे हे झाले.

सोव्हिएत काळातील एक विरोधाभासही नोंदवायला हवा. स्टेलमुझेच्या ओकला १९६० मध्ये संरक्षण दिले ते निरीश्वरवादी राज्याने. संरक्षण मिळाले ते निसर्गवस्तू म्हणून; देव त्या नोंदीत नव्हता. देवाने मात्र दुसरी वाट काढली. १९६० च्या दशकात लोकसंस्कृतीच्या अभ्यासाच्या निमित्ताने तरुण मंडळी संक्रांतीच्या रात्री एकत्र जमू लागली आणि त्यातून रोमुवा हा प्राचीन बाल्टिक श्रद्धेचा पंथ आकाराला आला. स्वतंत्र लिथुआनियात त्याला राज्यमान्यता नाकारली गेली. ८ जून २०२१ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव असल्याचा निर्णय दिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये लिथुआनियाच्या संसदेने अखेर मान्यता दिली. आजचा रोमुवा म्हणजे चौदाव्या शतकातील धर्म जसाच्या तसा, असे कोणी म्हणू नये. मधली साखळी तुटलेली आहे, आणि बखरी, दायना व ग्रेमास-गिंबुतास यांच्यासारख्यांचे संशोधन यांतून ती पुन्हा जुळवलेली आहे. पण वाचनातून उभी राहिलेली श्रद्धा कमी प्रतीची, असे साहित्याच्या शिक्षकांनी तरी म्हणू नये.

शेवटी पुन्हा स्टेलमुझेकडे. झाडाचे वय त्याच्या खोडातील वर्तुळांवरून मोजतात. या झाडाचा गाभा कुजून गेला आहे. सर्वांत जुनी वर्तुळे त्या पोकळीतच होती. म्हणून दीड हजार किंवा दोन हजार हे आकडे मुख्यतः घेरावरून बांधलेले अंदाज आहेत. ज्या पानांवर आरंभ लिहिलेला होता नेमकी तीच पाने गळालेली पोथी आपल्याकडील हस्तलिखितांच्या अभ्यासकांना नवी नाही. अशा पोथीचा आरंभ मागाहून कोणी तरी लिहून देतो. स्टेलमुझेच्या ओकला तो दंतकथेने दिला आहे.

त्या दंतकथेला पुरावा म्हणून उभे करता येणार नाही, आणि खोटी म्हणून तिची बोळवण करणेही बरोबर नाही. बाहेरची वर्तुळे अजून वाढत आहेत. दुसबुर्ग लिहीत होता, वीताउतासच्या दरबारात स्त्रिया रडत होत्या, माझवीदास प्रस्तावना लिहीत होता, तेव्हा हे झाड तेथे उभे असावे, इतके त्याच्या घेरावरून म्हणता येते. त्याने काय पाहिले ते कळण्याची वाट त्याच्या शत्रूंच्या लॅटिनमधून आणि गावातल्या गाण्यांतून जाते. दोन्ही शेजारी ठेवून वाचावी लागतात. कोणत्याही परंपरेचा इतिहास शिकवताना आपण वर्गात हेच करू पाहतो : निषेध करणाऱ्याच्या वाक्यात अडकलेला तो दुसरा आवाज ऐकायचा, आणि मग विचारायचे की तो काय मागत होता. येथे उत्तर साधे आहे. तो ऊन मागत होता आणि पाऊस मागत होता.